चॉकलेट कुकीचे हत्ती, घोडे, तोफा : भाजल्यावर आकार टिकत नाही, मदत हवी

अबोली_कोथरूड | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. दिवाळी तोंडावर आलीय आणि मी जरा अडकलेय म्हणून धागा काढतेय. आमच्या सोसायटीत मुलं दरवर्षी किल्ला करतात, यंदा राजगड ठरलाय, दगड-माती-पोती सगळं जमा झालंय, अळीव पेरून झालाय, कुंभारवाड्यातून मावळेही आणलेत. माझा लेक नऊ वर्षांचा आहे, त्याच्या डोक्यातून आलं की किल्ला बघायला जी मुलं येतील त्यांना लाडू-चिवड्याबरोबर आपण घरी केलेली चॉकलेटची कुकी द्यायची, आणि ती साधी गोल नको, किल्ल्यावरची पाहिजे. म्हणजे हत्ती, घोडे, उंट, तोफा, तंबू, बुरूज. महाराज आणि मावळे मात्र मातीचेच, ते खायचे नाहीत, हे मुलांनी स्वतःच ठरवलं आणि मला ते फार आवडलं.

बोहरी आळीतून पत्र्याचे कटर आणले आणि काल पहिला घाणा केला. मैदा, कोको, बटर, साखर, एक चमचा बेकिंग पावडर, अंडं नाही कारण सासूबाई खात नाहीत. लाटून कापले तेव्हा इतके सुरेख दिसत होते की लेकाने ट्रेचा फोटो काढून आजोबांना पाठवला. १८० वर बारा मिनिटं ठेवले आणि बाहेर काढले तर हत्तीचे चारही पाय एकमेकांत मिसळलेले, सोंड ट्रेवरून उचलतानाच तुटली, घोडा कुठला आणि उंट कुठला ओळखू येईना. चव चांगली होती, संपल्या लगेच, पण लेकाचा चेहरा उतरला. साधारण तीस-पस्तीस मुलं येतात. दिवाळीला अजून दहा दिवस आहेत. ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) आहे २८ लिटरचा. काय चुकलं सांगा प्लीज.

---

मिरी_लवंग | सोमवार, रात्री १०:३१

फोटो टाका ना. आणि बटर फ्रिजमधलं होतं की बाहेरचं?

---

अबोली_कोथरूड | सोमवार, रात्री १०:४०

बाहेरचं, दुपारभर ओट्यावर होतं, अगदी मऊ. वितळलेलं नव्हतं पण बोट घातलं की आत जात होतं. साखर साधीच, मिक्सरमधून एकदा फिरवलेली, थोडी कणीदार राहिली होती. नंतर बीटरने पाच-सात मिनिटं फेटलं, छान पांढरं फुललं होतं.

---

लाटणं_आणि_मी | सोमवार, रात्री ११:२५

अबोलीताई, तुमचं काही एक चुकलं नाही, तुम्ही केकच्या रीतीने कुकी केलीत एवढंच. बरेच जण हेच करतात आणि मग कटरला दोष देतात.

आकाराची कुकी म्हणजे ती ओव्हनमध्ये फुलता कामा नये आणि पसरता कामा नये, बस. आता बघा तुमच्या घाण्यात फुलायची आणि पसरायची किती कारणं एकत्र आली. बेकिंग पावडर फुगवते, ती काढूनच टाका, चमचाभर काय चिमूटभरही नको. फेटून फेटून बटरमध्ये जी हवा भरलीत ती भाजताना पसरते, म्हणून या कुकीत बटर आणि साखर फक्त एकजीव होईपर्यंत चमच्याने मिसळायची, पांढरं करायचं नाही. कणीदार साखर उष्णतेने विरघळून पातळ होते आणि सोबत पिठाला घेऊन वाहते, पिठीसाखर घ्या, चाळून. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे आपली ऑक्टोबर हीट. पुण्यात दुपारी ३२-३३ तापमान असतं, बटर तिशीच्या पुढे सैल पडायला लागतं, म्हणजे तुमची कुकी ओव्हनमध्ये जायच्या आधीच अर्धी वितळली होती. थंडगार कुकी गरम ओव्हनमध्ये गेली की बटर वितळायच्या आत कडा धरतात. गरम कुकी गेली की बटर आधी पळतं, पीठ मागून धरतं.

माझं प्रमाण लिहिते, सात वर्षं हेच वापरतेय, वजनकाट्यावर मोजा, वाटीने नको:

बटर १२० ग्रॅम (नेहमीचं मिठाचं चालतं, मग वेगळं मीठ नको), पिठीसाखर १०० ग्रॅम, मैदा १८० ग्रॅम, कोको ३५ ग्रॅम, कॉर्नफ्लोअर २० ग्रॅम, व्हॅनिला अर्धा चमचा, इन्स्टंट कॉफी अर्धा चमचा एक चमचा दुधात विरघळवून. कॉफीची चव लागत नाही, चॉकलेट मात्र गडद लागतं, मुलांच्या कुकीत नको वाटत असेल तर वगळा. गोळा होत नसेल तरच आणखी एखादा चमचा दूध. पोळीच्या कणकेसारखं मळायचं नाही!! नुसतं गोळा करायचं. जास्त मळलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि मग भाजताना कुकी आक्रसते, हत्ती बुटका होतो.

आता खरी युक्ती. गोळा दोन बटर पेपरच्या मध्ये ठेवून तिथेच लाटा, अर्धा सेंटीमीटर जाड. दोन्ही बाजूंना पाच-पाच मिलीमीटरच्या लाकडी पट्ट्या ठेवल्या की लाटणं त्याच्याखाली जात नाही, जाडी सगळीकडे सारखी येते. ही लाटलेली पोळी कागदासकट फ्रीजरमध्ये वीस मिनिटं. मग वरचा कागद सोलून कटर दाबा, आणि कुकी उचलू नका. कुकीच्या आजूबाजूचं पीठ काढून घ्या, कुकी आहे तिथेच कागदावर राहू द्या आणि कागद सरकवून ट्रेवर घ्या. उचलताना सोंडा तुटतात, घोड्याचे पाय लांब होतात, सगळं नुकसान तिथेच होतं. ट्रे परत फ्रीजरमध्ये दहा मिनिटं. ओटीजी १६० वर, दोन्ही रॉड लावून, पंधरा मिनिटं आधी तापवलेला. भाजायला बारा ते चौदा मिनिटं.

गोळा चिकटत असेल तर वर मैदा भुरभुरू नका, पांढरे डाग तसेच राहतात. कोकोच भुरभुरा.

---

मिरी_लवंग | सोमवार, रात्री ११:३०

ते पट्ट्यांचं लिहिलंत ते फार बरं केलंत, माझी एक बाजू कायम करपते आणि दुसरी कच्ची, कारण आज कळलं.

---

रसायनी | मंगळवार, सकाळी ७:५०

लाटणंताईंनी सगळं लिहिलंच आहे, मी कोकोबद्दल थोडं सांगते कारण तिथे फसगत होते. बाजारात दोन तऱ्हेचे कोको मिळतात. एक नैसर्गिक, फिकट तपकिरी, चवीला आंबटसर. दुसरा अल्कली लावून आंबटपणा मारलेला, रंगाने गडद, चवीला मऊ, त्याला डच कोको म्हणतात. व्हॅन हौटेन नावाच्या डच घराण्याने १८२८ मध्ये कोको दाबून त्यातलं लोणी वेगळं काढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि त्याच घरातल्या कोएनराडने अल्कलीची प्रक्रिया आणली, म्हणून डच. पाकिटावर घटकांमध्ये ५०१ नंबर दिसला की समजा अल्कलीवाला आहे.

केकमध्ये सोडा असतो तेव्हा कुठला कोको घेतो याने फरक पडतो कारण सोड्याला आंबट काहीतरी लागतं. आपल्या या कुकीत सोडाही नाही आणि पावडरही नाही, त्यामुळे दोन्हीपैकी कुठलाही चालेल, फक्त रंगाचा प्रश्न. हत्तीला डच कोको घ्या, काळाभोर होतो. घोडे नैसर्गिक कोकोचे करा, तांबूस येतात. एकाच ताटात दोन रंग आले की मुलांना लांबूनही प्राणी ओळखू येतात.

अजून एक. कोको पाणी फार पितो आणि त्यात मैद्यासारखा धरून ठेवणारा गुण नाही. म्हणून रंग गडद व्हावा म्हणून कोको वाढवत गेलात तर पीठ कोरडं पडतं आणि लाटताना कडांना चिरा जातात, त्या चिरांमधूनच नंतर पाय तुटतात. वाढवायचाच असेल तर तेवढाच मैदा कमी करा आणि दूध चमचाभर वाढवा.

आणि झालं की नाही हे रंगावरून बघू नका, काळ्या कुकीचा रंग काय कळणार. वास सुटला की दोन मिनिटांत बंद. बाहेर काढल्यावर मऊ लागतील, घाबरू नका, ट्रेवरच गार होऊ द्या, दहा मिनिटं हात लावायचा नाही, गार झाल्या की कडक होतात. अबोली, तुमची सोंड गरम असताना उचलली म्हणूनही तुटली असणार.

---

पत्र्याचा_डबा | मंगळवार, दुपारी २:१५

मी तुमच्या सगळ्यांपेक्षा वयाने मोठी, एकाहत्तर पूर्ण झाली. हा धागा वाचून आमच्या शुक्रवार पेठेतली भट्टी आठवली म्हणून लिहिते. आमच्या लहानपणी घरात कुणाकडे ओव्हन? दिवाळीच्या आधी आणि मे महिन्याच्या सुट्टीत आई मैदा, रवा, तूप, पिठीसाखर मोजून पिशवीत भरायची, आणि मी आणि माझा भाऊ ती पिशवी आणि पत्र्याचा चौकोनी डबा घेऊन बेकरीत जायचो. तिथे नंबर लागायचा. बेकरीवाले काका आपल्यासमोर आपलंच तूप आपल्याच मैद्यात मिसळायचे, काळ्या पडलेल्या ट्रेमध्ये नानकटाया ओळीने मांडायचे, ट्रेवर आपल्या नावाची चिठ्ठी ठेवायचे आणि लांब दांड्याच्या फळीने ट्रे भट्टीत ढकलायचे. त्या भट्टीसमोर उभं राहून जो वास यायचा ना, तो अजून नाकात आहे. घरी येईपर्यंत डबा इतका गरम असायचा की भाऊ एकीकडून आणि मी एकीकडून फडक्याने धरायचो, आणि घरी पोचल्यावर मोजल्या की दोन-तीन कमी निघायच्या.

तर सांगायचं हे की तेव्हा मी एकदा हट्ट केला की मला माशाच्या आकाराची नानकटाई पाहिजे. काकांनी हाताने मासा करून दिला, कौतुकाने. भट्टीतून आला तो गोल. ते म्हणाले, बाळ, तूप आकार धरत नाही, तूप पसरतं आणि खुसखुशीत करतं, आकार पाहिजे तर लोणी पाहिजे. साठ वर्षांपूर्वीचं बोलणं आहे, आणि आज वाचतेय की सगळे बटरच सांगताहेत.

कुणी हौसेने साजूक तुपात करायला जाईल म्हणून मुद्दाम लिहिलं. गोल करा तुपाच्या, फार सुंदर होतात. हत्ती बटरचे.

---

लाटणं_आणि_मी | मंगळवार, दुपारी २:४०

आजी 🙏 काकांनी अगदी बरोबर सांगितलं होतं. टेबल बटरमध्ये साधारण ८० टक्के फॅट असतं आणि बाकी बरंचसं पाणी, ते पाणी मैद्याला थोडंसं बांधून ठेवतं. तुपात पाणीच नसतं म्हणून नानकटाई तोंडात विरघळते आणि म्हणूनच सोंड टिकत नाही. तुमच्या भट्टीबद्दल वेगळा धागा काढा ना, प्लीज, अजून काय काय भाजून मिळायचं ते लिहा.

---

तळजाईची_वाट | मंगळवार, रात्री ९:०५

स्वयंपाकातलं मला फारसं कळत नाही, पण साच्यांचं काम केलंय म्हणून आकाराबद्दल लिहितो. कृती कितीही बरोबर असली तरी काही आकार मुळातच तुटणारे असतात. किल्ल्यांचंच उदाहरण देतो. लोहगडाचा विंचूकाटा पाहिलाय ना सगळ्यांनी, लांबच लांब अरुंद माची. दगडाची आहे म्हणून उभी आहे, कुकीत केली तर पहिल्या हाताळणीतच मोडणार. हत्तीची लोंबती सोंड म्हणजे तोच विंचूकाटा. घोड्याचे चार सुटे पाय, तोफेची नळी, उंटाची मान, सगळं तेच.

जुनी लाकडी किंवा पितळी खेळणी बघा. त्यात हत्तीची सोंड एकतर वर वळून कपाळाला टेकलेली असते नाहीतर खाली वळून पुढच्या पायाला चिकटलेली. घोड्याचे पुढचे दोन पाय एकच, मागचे दोन एकच, खाली पट्टी. कारागिरांनी हे उगीच केलेलं नाही, जिथे तुटेल तिथे त्यांनी आधार दिलाय. कुकीतही तसंच करा. कुठलाही भाग एक सेंटीमीटरपेक्षा बारीक नको. पायांमधली फट कापायची नाही, थंड असताना सुरीच्या पाठीने नुसती रेघ ओढायची, भाजल्यावर रेघ दिसते आणि डोळ्याला पाय वेगळे वाटतात.

बाजारातल्या कटरमध्ये असे आकार मिळत नाहीत म्हणून मी स्वतः करतो. हार्डवेअरच्या दुकानातून पातळ अॅल्युमिनिअमची पट्टी आणायची, दोन-अडीच सेंटीमीटर रुंद, कागदावर आकार काढायचा आणि पकडीने पट्टी त्या रेघेवर वाकवत न्यायची, टोकं रिव्हेटने जोडायची. वरची कड दुमडून घ्या, हाताला लागत नाही. कोल्ड्रिंकचा कॅन कापून करतात काही जण, ते मुलं असलेल्या घरात करू नका, धार भयंकर असते. थ्रीडी प्रिंटवाले कटरही मिळतात, छान असतात, पण पीएलए प्लॅस्टिक साठ अंशांच्या आसपासच मऊ पडतं, गरम पाण्यात धुतलेत की वाकडे होतात, आणि थरांच्या खाचांत पीठ अडकून राहतं, ब्रशने गार पाण्यात लगेच धुवायचे.

तुमचा किल्ला राजगड आहे तर एक सुचवू? राजगडाचा वरून दिसणारा आकार करा. मध्ये बालेकिल्ला आणि तीन बाजूंना पद्मावती, संजीवनी आणि सुवेळा अशा तीन माच्या. तीन पाकळ्यांसारखा दिसतो, माच्या जरा रुंद ठेवल्या की कुठेही तुटत नाही, आणि सुवेळा माचीवर स्ट्रॉने एक भोक पाडा, ते नेढं, म्हणजे गडाच्या कातळातलं आरपार भोक. मुलांना कुकी हातात घेऊन गडाचा नकाशा सांगता येईल. माझ्याकडे हत्ती आणि राजगड दोन्हींचे कटर केलेले आहेत, मी सहकारनगरला असतो, पाहिजे असतील तर मेसेज करा.

---

अबोली_कोथरूड | मंगळवार, रात्री ९:२०

तळजाई दादा, लेकाला वाचून दाखवलं, तो नेढ्यावर इतका खूश झालाय की आत्ताच कागदावर राजगड काढायला बसलाय. मेसेज केलाय. आजी, तुमचा मासा वाचून खूप आवडलं मला.

दोन प्रश्न. हत्ती किल्ल्यावर उभे करता येतील का? आणि डोळे, झूल वगैरे रंगवायला काय वापरू?

---

लाटणं_आणि_मी | मंगळवार, रात्री १०:००

उभे करता येतात. त्याच पिठाचा छोटा त्रिकोण कापून भाजायचा आणि हत्तीच्या मागे चॉकलेटने चिकटवायचा, फोटोफ्रेमला मागे टेकू असतो तसा. चिकटवायला कंपाउंड चॉकलेट घ्या. कोको बटर असलेलं खरं चॉकलेट चवीला नक्कीच सरस, पण ते टेम्पर करावं लागतं, म्हणजे वितळवून ठरावीक तापमानांवर आणावं लागतं, डार्क असेल तर ३१-३२ अंशांवर काम करावं लागतं आणि आपल्या दुपारी ते मुळी घट्टच होत नाही. कंपाउंडमध्ये वनस्पती तेल असतं, वितळवा, लावा, धरून ठेवा, फ्रिजमध्ये पाच मिनिटं, झालं.

झुलीसाठी पिठीसाखर आणि दूध थेंब थेंब घालत घट्ट आयसिंग करा, रिबीनीसारखं पडलं पाहिजे. त्यात केशर घातलं तर पिवळं, बीटाचा रस दोन थेंब घातला तर गुलाबी. प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा अगदी बारीक कापून त्यातून रेघा काढायच्या. कुकी पूर्ण गार झाल्याशिवाय आयसिंग नाही, नाहीतर ओघळतं. रात्रभर जाळीखाली वाळू द्या.

---

शेपटीवाले | बुधवार, सकाळी ८:१०

महत्त्वाचं लिहितोय, कृपया वगळू नका. चॉकलेट आणि कोको कुत्र्यांना विषारी आहे. त्यातलं थिओब्रोमिन त्यांच्या शरीरातून फार हळू बाहेर पडतं. उलट्या, थरथर, हृदयाचे ठोके वाढणं, लहान कुत्र्याच्या जिवावरही बेततं. डार्क चॉकलेट आणि कोको पावडर सगळ्यात वाईट. किल्ला जमिनीवर असतो आणि सोसायटीत पाळीव आणि भटके दोन्ही फिरतात. कुकीचा हत्ती किल्ल्यावर रात्रभर ठेवू नका. कुत्र्याने खाल्लंच तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्या, किती खाल्लं आणि कधी खाल्लं ते सांगा.

आणि मातीत ठेवाल तर मुंग्या दहा मिनिटांत येतील, मग ती कुकी मुलांना देता येणार नाही.

---

मिरी_लवंग | बुधवार, सकाळी ८:४५

हे माहीत नव्हतं, आमच्याकडे बीगल आहे. धन्यवाद. अबोली, किल्ल्याशेजारी उंच टेबल मांडा आणि त्यावर ताटात पायथ्याचं गाव करा, हत्ती तिथे उभे करा, वर जाळी.

---

जुना_वाडा | बुधवार, दुपारी १२:३०

ओव्हन नसलेल्यांनी काय करायचं? मी भाड्याच्या खोलीत राहतो, एक शेगडी आहे, भाचीसाठी करायच्यात.

---

लाटणं_आणि_मी | बुधवार, दुपारी १:१५

जाड बुडाची कढई घ्या, तळाला मीठ पसरा, त्यावर उंच स्टँड, झाकण ठेवून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. ताटलीत बटर पेपर, त्यावर कुकी, एका वेळी चार-पाच. गॅस बारीक करून पंधरा ते अठरा मिनिटं. खालून पटकन लागतं म्हणून एकाखाली एक दोन ताटल्या ठेवा. झाकण पहिली बारा मिनिटं उघडायचं नाही. छोटे आकार करा, हत्तीपेक्षा तंबू आणि बुरूज सोपे पडतील. पहिल्या घाण्यात दोनच ठेवून आच समजून घ्या.

---

अबोली_कोथरूड | रविवार, संध्याकाळी ७:३०

झाले!!! 

काल दादांकडून कटर आणले आणि आज सकाळी सहाला, ऊन तापायच्या आत, लेकाला उठवून बसलो दोघं. लाटणंताईंचं प्रमाण दुप्पट घेतलं. शंकरपाळ्यांच्या वेळी आपण लाटत सुटतो तशी सवय हाताला, त्यामुळे पहिली पोळी पातळच झाली, मग घरात पट्ट्या नव्हत्या म्हणून लेकाच्या दोन सारख्या लाकडी फूटपट्ट्या एकावर एक ठेवून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळल्या, बरोबर जाडी आली. कागदावरून न उचलता आजूबाजूचं पीठ काढून घ्यायचं हे वाचताना एवढंसं वाटलं होतं पण सगळा फरक तिथेच पडला. पीठ सैल झालं की फ्रीजरमध्ये, परत बाहेर, असं सात-आठ वेळा केलं. बेकिंग पावडर नाही म्हणून दगड होतील अशी धास्ती होती, अजिबात नाही झाले, चावल्यावर कट्‌ आवाज येतो आणि मग विरघळते.

एकवीस हत्ती, त्यातले एकोणीस अख्खे. दोन मोडले ते कडेला ठेवलेले होते, माझ्या ओटीजीचा मागचा उजवा कोपरा जास्त तापतो हे आज कळलं, आता मध्येच ट्रे फिरवते. घोडे नैसर्गिक कोकोचे केले, रसायनीताई म्हणाल्या तसे खरंच तांबूस आले. राजगड चौदा. नेढं भाजताना थोडं बुजलं होतं, गरम असतानाच स्ट्रॉ परत फिरवली. लेकाने एक राजगड हातात धरला, नेढ्यातून खिडकीबाहेर बघितलं आणि मग बराच वेळ खाल्लाच नाही. झुली सासूबाईंनी काढल्या, केशराच्या, रांगोळीचा हात आहे त्यांचा, प्रत्येक हत्तीची झूल वेगळी. शेवटी त्यांनी एका हत्तीच्या पायात तोडेही काढले.

शेपटीवाले दादा, टेबल ठरलंय आणि खाली पाटी लावणार आहोत, लेकाने लिहिलीय.

आता उरलेल्या मुलांसाठी अजून एक घाणा बुधवारी. तोपर्यंत या पत्र्याच्या डब्यात कागद घालून ठेवल्यात, टिकतील ना?

---

पत्र्याचा_डबा | रविवार, रात्री ८:१०

पूर्ण गार झाल्यावर भरल्या असतील तर पंधरा दिवस काही होत नाही. आयसिंगवाल्या एकावर एक ठेवू नका, मध्ये कागद घाला. मऊ पडल्या तर झूल नसलेल्या तेवढ्या १५० वर पाच मिनिटं परत ठेवायच्या. तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. तोडे वाचून डोळ्यांत पाणी आलं.

---

मिरी_लवंग | रविवार, रात्री ८:२५

तळजाई दादा, अबोलीचं बुधवारी झालं की हत्तीचा कटर मला मिळेल का? मी वनाजलाच राहते, तिच्याकडून परस्पर घेईन आणि भाऊबीजेनंतर तुम्हाला पोचता करेन.

---

तळजाईची_वाट | रविवार, रात्री ९:००

घ्या की. धुऊन लगेच कोरडा पुसा, रिव्हेटपाशी पाणी राहतं. आणि उंट मागितला होता अबोलीताईंच्या लेकाने, तो आज वाकवायला घेतलाय, मान जरा जाड करतोय.